कम्युनिकेशनची पदवी घेऊन कंपनीत वरपर्यंत जाता येतं का?

तू लिहिलं आहेस की एम. एस. युनिव्हर्सिटीत जर्नालिझम अँड कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, घरात सगळे इंजिनियर आणि सी.ए., आणि मामा म्हणतात, "या पदवीवर फार तर पीआरमध्ये लागशील, कंपनी चालवायला कोण देणार?" मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आधी पर्सोनेलमध्ये आणि नंतर प्लांटच्या कारभारात अनेक वर्षं काढली आहेत. मामांची काळजी मला समजते, पण पदवीपेक्षा तिच्यानंतरची पहिली चार-पाच वर्षं तू कुठे घालवतेस यावर सगळं ठरतं.

स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्त्झ 1975 मध्ये कम्युनिकेशनचे पदवीधर झाले आणि पुढे झेरॉक्समध्ये विक्रीचं काम करू लागले. डिस्नेचे बॉब आयगर यांनी टेलिव्हिजन-रेडिओचं शिक्षण घेतलं, 1974 मध्ये एबीसीत अगदी खालच्या कामावर लागले आणि 2005 मध्ये डिस्नेचे सीईओ झाले. दोघेही आधी धंद्याच्या मुख्य कामात उतरले, हे मामांना आवर्जून सांग.

आता आपल्या बडोद्याचं. इथल्या कारखान्यात ऑफिसची भाषा इंग्रजी, शॉप फ्लोअरची गुजराती, आणि कंत्राटी कामगारांशी हिंदी. दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी मुलीला यातलं काहीच परकं नसतं. एकदा आमच्याकडे दुसऱ्या शिफ्टची वेळ अर्धा तास पुढे ढकलायची होती. नोटीस लागली आणि लोक अडून बसले. वरच्यांनी गृहीत धरलं की हे पगारवाढीसाठीच चाललंय. आमच्यातली एक तरुण अधिकारी, तीही कम्युनिकेशन शिकलेली, कँटीनमध्ये जाऊन बसली आणि गुजरातीत चौकशी करू लागली. पादरा-वाघोडियाकडच्या लोकांची शेवटची एसटी चुकत होती, एवढंच! वेळ पंधरा मिनिटांनी मागे घेतली आणि प्रश्न मिटला. तुमच्या अभ्यासक्रमात ज्याला ऑडियन्स रिसर्च म्हणतात, तो हाच. नेतृत्वाचं निम्मं काम मला तरी यातच दिसतं: नको असलेली बातमी कोणाला, कोणी, कोणत्या भाषेत सांगायची आणि त्याआधी कोणाचं ऐकून घ्यायचं. इंजिनियरिंगमध्ये हे क्वचितच कोणी शिकवतं.

पण मीटिंगमध्ये तू छान बोललीस आणि कोणी विचारलं, "यानं मार्जिनवर काय फरक पडेल?" तर तिथे गप्प राहून चालणार नाही. मामांचा मुद्दा खरा ठरतो तो इथे. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह हे तीन कागद वाचायला आत्ताच शीक. घरात सी.ए. आहेत, रविवारी एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन त्यांच्याजवळ बस. फुकट शिकवणी कोणाला मिळते?

पुढे एमबीए करायचं तर कॅट या प्रवेश परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या प्रवर्गाला 50 टक्के गुण लागतात. अहमदाबादची मायका ही संस्था मार्केटिंग आणि कम्युनिकेशन दोन्हीसाठी नावाजलेली आहे, आणि घरापासून लांबही नाही. मात्र मधे दोन-तीन वर्षं नोकरी केलीस तर जास्त बरं, असं मला वाटतं.

नोकरी निवडताना एक जपायचं. तुझ्यासारख्यांना बहुतेक वेळा सीएसआर (कंपनीचं समाजकार्य) किंवा हाउस मॅगझिनचं (कंपनीच्या अंतर्गत मासिकाचं) टेबल देतात. सीएसआर वाईट नाही: कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे वर्षाला 5 कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीलाही तो लागू होतो, आणि खर्च मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के करावा लागतो, म्हणजे बजेट सांभाळण्याचा सराव होतो. पण नुसतेच फोटो आणि अहवाल हातात येत असतील तर वर्षभरात विक्री, डीलर नेटवर्क किंवा प्लांट एचआरमध्ये बदली माग. तोंडी नको, लेखी माग.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर एखाद्या कारखान्यातली सुरक्षा-सूचना कामगारांपर्यंत किती पोचते, हा विषय घे. विषय ठरला की इथेच कळव, प्रश्नावली मी पाहून देईन.