दुर्मीळ जलचरांचे स्थलांतर आणि रोगांचा धोका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नामशेष होऊ घातलेला प्राणी नव्या पाण्यात सोडला, तर त्यातून नुकसान कसे होईल?

उत्तर : प्राण्याबरोबर त्याच्या अंगावरचे जंतूही तेथे पोहोचतात. स्पेनच्या मायोर्का बेटावरील मिडवाइफ टोड हा बेडकासारखा प्राणी आधी केवळ जीवाश्मांवरून ठाऊक होता. १९८० च्या सुमारास तो डोंगरातील घळींमध्ये जिवंत आढळला, बंदिवासात त्याची पैदास झाली आणि पिल्ले बेटावर सोडण्यात आली. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले की, पैदास केंद्रात दक्षिण आफ्रिकेच्या केप प्लॅटाना या दुर्मीळ बेडकांकडून कायट्रिड ही बेडकांसारख्या प्राण्यांच्या त्वचेला जडणारी घातक बुरशी टोडांना लागली असावी आणि त्यांच्याबरोबर बेटावर गेली. दोन्ही प्रजाती वाचवण्याची तळमळ खरी होती; घात झाला तो त्यांना एका छताखाली ठेवल्यामुळे.

प्रश्न : सोडण्यापूर्वी प्राणी निरोगी दिसला, तर ते पुरेसे नाही का?

उत्तर : नाही. ही बुरशी केराटिन या कठीण प्रथिनाने युक्त त्वचेवर वाढते आणि भैकेरांच्या (बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांच्या) शरीरात केराटिन केवळ तोंडाशी असते. म्हणून बाधित भैकेर व्यवस्थित पोहतात आणि पुष्कळदा प्रौढात रूपांतर होण्याच्या वेळी दगावतात. तपासणीचेही गणित कठीण आहे. मोठ्या समूहात पाच टक्के प्राणी बाधित असतील, तर त्यांतला किमान एक ९५ टक्के खात्रीने सापडण्यासाठी, चाचणी अचूक धरली तरी, ५९ प्राणी तपासावे लागतात. मुळात दुर्मीळ असलेल्या प्रजातीचे एवढे नमुने मिळत नाहीत. त्यामुळे स्वतंत्र पाणी, स्वतंत्र जाळी आणि पुन्हा पुन्हा चाचण्या असलेले दीर्घ विलगीकरण मला अपरिहार्य वाटते.

प्रश्न : रोग शिरल्यावर उपचार करता येत नाहीत का?

उत्तर : मायोर्कात भैकेरांना इट्राकोनाझोल या बुरशीनाशकाच्या द्रावणात ठेवून परत सोडले, तरी संसर्ग परतला. औषधाच्या जोडीला डबक्यांचा परिसर जंतुनाशकाने धुतला, तेव्हा बहुतेक ठिकाणी बुरशी नाहीशी झाली. ती कातळातील लहान डबकी होती. वाहत्या नदीत असे करताच येणार नाही.

प्रश्न : आमच्या गावचे तळे आटत आहे. त्यातील कासवे नदीत सोडावीत का?

उत्तर : परस्पर सोडू नयेत; देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे, म्हणून वनविभागाला कळवावे. घरच्या टाकीतील कासवांशी त्यांचा संपर्क येऊ देऊ नये, तळ्याचे पाणी नदीत ओतू नये आणि जाळी व बूट धुऊन पूर्ण वाळवावेत. ब्रिटनमध्ये देशी क्रेफिशचा (गोड्या पाण्यातील झिंग्यासारख्या प्राण्याचा) फडशा पाडणारा ‘क्रेफिश प्लेग’ हा रोग ओल्या साहित्यावरूनही एका ओढ्यातून दुसऱ्यात जातो.