ताईला विचारा : इंग्लिश लिटरेचर घ्यायचंय, पण...

प्रश्न : ताई, माझी शाळा पूर्ण मराठीतून झाली. इंग्रजी वाचलेलं समजतं पण बोलायची वेळ आली की त-त-प-प होतं. घरचे म्हणतात इंग्लिश लिटरेचर घेऊन डिग्री कर, इंग्रजी आपोआप फाडफाड येईल. घेऊ का?

फक्त बोलणं सुधारायचं म्हणून घेणार असशील तर नको घेऊस, स्पष्टच सांगते. बोलणं बोलूनच येतं, आणि या कोर्सला तुला बोलायला कुणी बसवणार नाही, वाचायला बसवतील. कविता, नाटकं, कादंबऱ्या, शिवाय त्यांच्यावर इतरांनी लिहिलेलं, आणि तेही ढिगानं. वाचायचा कंटाळा असेल तर तीन वर्षं फार लांब वाटतात.

पण वाचायला आवडत असेल तर मराठी शाळेचं टेन्शन अजिबात घेऊ नकोस. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू पाडले असशीलच ना? मग इंग्रजी छंद शिकताना निम्मं काम झालेलं असतं, फरक एवढाच की तिथे मात्रांऐवजी आघात मोजतात, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर पडतो ते. शेक्सपिअरच्या नाटकातली साधारण ओळ दहा अक्षरांची आणि त्यात पाच आघात, दोन-चार ओळी मोठ्यांदा म्हणून बघ, कानाला कळतं. आणि काही युनिव्हर्सिटीत बेओवुल्फ मूळ जुन्या इंग्रजीत असतं, 3182 ओळींचं काव्य आहे, ते तर जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनासुद्धा परक्या भाषेसारखं शिकावं लागतं, तिथे सगळे सारखेच भांबावलेले.

अजून एक. इंग्रजी हा युनिव्हर्सिटीतला फार पुरातन विषय आहे असं आपल्याला उगाच वाटतं. लंडनला इंग्रजीचा पहिला प्रोफेसर नेमला 1828 मध्ये, ऑक्सफर्डला तर इंग्रजीची स्वतंत्र डिग्री 1894 मध्ये सुरू झाली, तोवर खरी विद्या म्हणजे लॅटिन आणि ग्रीक, इंग्रजी पुस्तकं काय कुणीही घरी बसून वाचेल असा त्यांचा तोरा होता. त्यामुळे दबून जायचं काही कारण नाही. ॲडमिशनआधी सिलॅबस मात्र नीट बघ, कुठे साहित्यच जास्त असतं तर कुठे भाषाशास्त्राचे पेपरही बरेच असतात.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे. सगळ्या नोट्स पाठ करते, पुरवण्यांवर पुरवण्या लावते, तरी मार्क काठावरच. मैत्रीण माझ्यापेक्षा कमी लिहून जास्त मार्क घेते. माझं काय चुकतंय?

उत्तर माझ्यापुढे नाही, पण काय लिहीत असशील ते मी सांगू शकते. समज रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' ही कविता आलीय. तू सुरुवात करणार ब्राउनिंग 1812 मध्ये जन्मला, मग व्हिक्टोरियन काळाची वैशिष्ट्यं, मग ड्रॅमॅटिक मोनोलॉगची, म्हणजे एकच पात्र समोरच्याशी बोलत राहतं अशा कवितेची, व्याख्या, मग कवितेचा सारांश आणि शेवटी 'अशा प्रकारे ही एक श्रेष्ठ कविता आहे'. तपासणाऱ्याने हेच उत्तर त्या दिवशी शंभर वेळा वाचलेलं असतं गं, आणि ते गाईडमधून आलंय हे त्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

आता नोट्स बाजूला ठेव आणि कविताच उघड. 56 ओळी आहेत. एक ड्यूक आपल्या मेलेल्या बायकोचं चित्र पाहुण्याला दाखवतोय, आणि हा पाहुणा आलाय ड्यूकच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला. चित्रावर पडदा आहे आणि तो फक्त ड्यूकनेच सारायचा. म्हणजे जिवंतपणी ती कुणाकडे बघून हसते यावर याचा ताबा चालला नाही, आता ती कुणाला दिसावी ते हा ठरवतो. बोलता बोलता तो म्हणतो मला काही नीट बोलता येत नाही बुवा, आणि इकडे त्याच्या दर दोन ओळींचं यमक अचूक जुळतंय! पण वाक्यं ओळीच्या शेवटी थांबतच नाहीत, पुढच्या ओळीत घुसतात, म्हणून वाचताना यमक जाणवत नाही, साध्या गप्पा चालल्यात असं वाटतं. मग तो सहज सांगून टाकतो की मी हुकूम दिले आणि हसणं थांबलं. बास, एवढंच. खून झाला असं तो कुठेच म्हणत नाही, ते आपण जोडतो, आणि पाहुणा शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. का बोलत नसेल? हा प्रश्न स्वतःला विचारून त्यावर अर्धं पान लिहिलंस ना, तर ते अर्धं पान तुझं असेल. मैत्रीण बहुतेक हेच करत असणार.

सुरुवातीला जमणार नाही, चालतंय. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक मुलांना कवीचं नाव झाकून कविता द्यायचे आणि काय वाटलं ते लिहायला लावायचे, त्यातून 1929 मध्ये त्यांनी पुस्तक काढलं, आणि तिथल्या हुशार हुशार मुलांनी काय काय तारे तोडलेत ते त्यात वाचायला मिळतं. नोट्स वाच की, पण आधी मूळ कविता दोनदा, मग नोट्स. क्रम उलटा झाला की मूळ वाचताना डोळ्यांना नोट्समधलंच दिसत राहतं.

प्रश्न : साहित्य शिकायला आलो आणि फोनेटिक्स, म्हणजे उच्चारांचं शास्त्र, गळ्यात पडलं. ती विचित्र चिन्हं डोक्यावरून जातात. याचा उपयोग काय?

अरे, हा पेपर तर तुझ्या हक्काचा आहे! इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, म्हणून ती चिन्हं लागतात. आणि तोंडात कुठे काय होतं यावरून व्यंजनांची मांडणी तू पहिलीपासून पाठ केली आहेस, क-च-ट-त-प म्हणजे घशापासून ओठांपर्यंत क्रमाने येत जायचं, दुसरं काय? फोनेटिक्सचा तक्ता त्याच तत्त्वावर उभा आहे. फरक आहेत तेवढे पकड, जसं की इंग्रजी 'टी'चा ध्वनी आपल्या त आणि ट यांच्या मधल्या जागी, दातांमागच्या हिरडीवर जीभ टेकवून होतो. चिन्हं घोकू नकोस, आरशासमोर उच्चार करून बघ, घरचे हसतील तर हसू देत.

प्रश्न : कादंबरी लांबलचक आहे, सिनेमा बघून पेपर लिहिला तर चालेल का?

पास होशील कदाचित. पण कादंबरीत गोष्ट कोण सांगतंय आणि तो खरं बोलतोय का, यावरच निम्मे प्रश्न असतात, आणि सिनेमात बहुतेक वेळा तो सांगणाराच गायब असतो. वाचून झाल्यावर बघ, मग काय काय गाळलंय ते दिसेल आणि त्यावर लिहिताही येईल.