वाचकांचे प्रश्न : एकाच थ्रेडच्या सी प्रोग्रामात फाईल जलद कशी वाचावी?

प्रश्न : ऊस वजनपावत्यांची सुमारे ५०० मेगाबाइटची मजकूर फाईल मी लिनक्सवर सी प्रोग्रामाने वाचतो. शेतकऱ्यांची व गावांची नावे काही मराठीत, तर काही कन्नडमध्ये आहेत. प्रोग्रामात थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) एकच असून एफगेटसी (fgetc) या फंक्शनने एकेक बाइट घेतो, पण वेळ फार लागतो. त्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टिमकडून थेट वाचणारे रीड (read) वापरावे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : एकेका बाइटसाठी रीड वापरू नये, प्रत्येक बाइटला कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) जाऊन यावे लागेल आणि प्रोग्राम आजच्याहून कितीतरी मंद होईल. एफगेटसी तसे करीत नाही. सी लायब्ररी एका वेळी बहुधा ४,०९६ बाइट बफरात (मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात) आणते आणि तिथूनच एकेक बाइट देते. मात्र दोन थ्रेडनी एकच फाईल वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून हे फंक्शन दर वेळी लॉक घेते आणि सोडते. ग्लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या एकच थ्रेड असल्यास हे लॉक टाळतात, तरी फंक्शन बोलावण्याचा खर्च उरतोच, आणि आपल्या फाईलीत तो विशेष जाणवतो, कारण देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांतील प्रत्येक वर्ण किंवा मात्रा यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. ‘बेळगाव’ वाचायला एफगेटसी १८ वेळा बोलवावे लागते, तर ‘ಬೆಳಗಾವಿ’ला २१ वेळा.

सर्वांत सोपा बदल म्हणजे एफगेटसीच्या जागी लॉक न घेणारे गेटसी_अनलॉक्ड (getc_unlocked) लिहिणे. माझा आग्रह मात्र एफरीडने (fread) ६४ किलोबाइटचे तुकडे घेण्याचा आणि त्यांत ठरावीक बाइट शोधणाऱ्या मेमसीएचआरने (memchr) ओळीचा शेवट शोधण्याचा आहे. तुकड्याच्या अखेरीस अर्धी राहिलेली ओळ बफराच्या आरंभी हलवून पुढचा तुकडा तिच्यामागे वाचावा. त्यामुळे ओळीतील कोणतेही अक्षर मध्येच तुटत नाही. ओळसमाप्तीचा बाइट १० हा आहे, तर यूटीएफ-८ मध्ये मराठी-कन्नड अक्षरांचे सर्व बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात, म्हणून शोधात गफलत होत नाही.

फाईल थेट मेमरीत जोडणाऱ्या एममॅपनेही (mmap) काम होईल, पण एकदाच सरळ वाचायच्या फाईलीसाठी त्याची गरज नाही. वजनाचे आकडे एसस्कॅनएफने (sscanf) काढत असाल, तर तिथे मजकुराची संख्या करणारे स्ट्रटॉल (strtol) किंवा स्ट्रटॉड (strtod) वापरावे. पुष्कळदा खरा वेळ तिथेच जातो. वेळेची मोजणी टाइम (time) या आज्ञेने करावी, पण पहिल्या वाचनानंतर फाईल मेमरीतील कॅशमध्ये राहत असल्याने जुना आणि नवा, दोन्ही प्रोग्राम दोनदा चालवून दुसऱ्या खेपेच्याच वेळा ताडून पाहाव्यात.