वाचकांचे प्रश्न : हप्ते वेळेवर, तरी टक्का जागचा हलेना

प्रश्न : हातात पगार ५८,००० रुपये येतो. गृहकर्ज १४ लाख २० हजार शिल्लक, हप्ता १४,८००. वैयक्तिक कर्ज २ लाख १० हजार, १५ टक्के व्याज, हप्ता ७,९००. दुचाकीचे ३६ हजार बाकी, हप्ता ३,२००. क्रेडिट कार्डावर ८४ हजार; त्याची किमान रक्कम, ४,२००, भरतो आणि किराणाही कार्डावरच घेतो. वर्षभरात एक हप्ता चुकला नाही, तरी हप्ते पगाराच्या ५२ टक्केच. खर्च आवळून महिन्याला आणखी ८,००० निघतील. ते कुठे भरू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे : ३०,१०० भागिले ५८,०००. पण कर्ज किती फिटलं, हे या आकड्यातून कळत नाही. हप्ता पहिल्या महिन्यात जेवढा, तेवढाच शेवटच्या महिन्यात. त्यामुळे एखादं खातं पूर्ण बंद होईपर्यंत टक्का हलत नाही. नवं कर्ज देताना बँक हाच आकडा बघते आणि तो पन्नाशीच्या वर गेला की बहुतेक ठिकाणी फाइल अडते.

स्वतःसाठी दुसरा आकडा ठेवा : शिल्लक कर्ज भागिले वर्षाचा पगार. त्यात गृहकर्ज धरू नका, त्याच्या मोठ्या रकमेपुढे बाकीची घट दिसतच नाही. तुमचे उरलेले ३ लाख ३० हजार म्हणजे वर्षाच्या ६ लाख ९६ हजारांचे ४७ टक्के. दर महिन्याच्या एक तारखेला हा आकडा वहीत लिहा.

आता खरं दुखणं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं, तर ८४ हजारांवर २,९४० होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५२९. म्हणजे तुमच्या ४,२०० मधून मुद्दल कमी होतं जेमतेम ७३१ रुपयांनी. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. तेव्हा आधी कार्ड वापरणं बंद करा आणि ८,००० त्यातच भरा. महिना १२,२०० गेले, तर कार्ड नवव्या महिन्यात संपेल.

तोच पैसा पुढे वैयक्तिक कर्जाकडे वळवा, पण मुदतपूर्व भरण्याचं शुल्क किती आणि अंशतः रक्कम घेतात का, हे करारात आधी वाचा. साधारण वर्षभरात दुचाकीही सुटेल. तेव्हा उरतील दोन हप्ते, २२,७०० रुपयांचे. टक्का ३९ वर येईल, तोही प्रत्येक खातं बंद होताना एकदम, पायरी उतरल्यासारखा.

गृहकर्जात जास्तीचे पैसे आत्ता घालू नका, तुमच्या कर्जांत सर्वांत स्वस्त तेच. आणि कार्डवाल्यांनी ‘सेटलमेंट’, म्हणजे थोडी रक्कम घेऊन बाकीची सोडून देण्याची तडजोड, देऊ केली तरी घेऊ नका. क्रेडिट अहवालात खातं ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढचं कर्ज तिथेच अडतं.

प्रश्न : गटाच्या कर्जाचे आठवड्याला ९०० आणि दुसऱ्या कंपनीचे पंधरवड्याला १,६०० जातात. घरात महिन्याला १५,००० येतात. तिसरी कंपनी कर्ज देते म्हणते. घ्यावं का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, घेऊ नका. आठवड्याचा हप्ता चारने गुणला की हिशेब चुकतो, कारण वर्षात आठवडे ५२. ९०० गुणिले ५२ भागिले १२ म्हणजे ३,९००. पंधरवड्याचे वर्षात २६ हप्ते, म्हणून महिन्याचे ३,४६७. एकूण ७,३६७, म्हणजे उत्पन्नाच्या ४९ टक्के.

एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं विनातारण कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. यात पतीच्या नावावरचं आणि सोनं ठेवून घेतलेलं कर्जही मोजतात. तुमच्याकडे फक्त १३३ रुपयांची जागा उरली आहे. एजंट अर्जावर उत्पन्न वाढवून लिहीत असेल तर सही करू नका. शेतीचं उत्पन्न सांगताना बी-खताचा खर्च वजा करून वर्षाची रक्कम १२ ने भागा, हंगामाच्या महिन्याचा आकडा देऊ नका. हाती पैसे आले तर यातलं एक कर्ज आधी फेडा. या कर्जांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. शेवटच्या हप्त्यानंतर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा कागद, मागून घ्या.