सोसायटीच्या मेन स्विचचा एकच फ्यूज सारखा का उडतो? मोठा टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की मीटर रूममधल्या मेन स्विचचा एकाच फेजचा फ्यूज एप्रिलपासून तीनदा उडाला, बाकीचे दोन शाबूत आहेत, झाकण हाताला गरम लागतं, आणि वायरमन 63 ऐवजी 100 अँपियरचा टाकायला सांगतोय. कृपा करून तो टाकू देऊ नका. मी मुंबईत वीस वर्षं हेच काम करतोय. तुमचं वर्णन वाचून मला लोडपेक्षा सांध्याचा, म्हणजे केबल जिथे स्विचला जोडलीय त्या जागेचा, संशय जास्त येतो.

फ्यूज आणि एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) करंट बघतात. लूज कनेक्शनमुळे करंट वाढत नाही, म्हणून ते तासन्‌तास तापत राहिलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. मात्र ती उष्णता तांब्याच्या पट्टीतून शेजारच्या फ्यूजपर्यंत पोचली, की तो आपल्या मर्यादेच्या आतच वितळतो. तुमच्याकडे फ्यूज उडतोय हे नशीबच म्हणा. 100 चा टाकलात तर तो उडायचा थांबेल, आणि सांधा मात्र जळेपर्यंत तापेल.

गेल्या मे महिन्यात गोरेगावच्या एका सात मजली इमारतीत अगदी हेच झालं होतं. रात्री साडेदहाला, घरोघरचे एसी चालू असताना मी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. आर फेजला 58 अँपियर, वायला 61, बीला 55. थर्मल कॅमेऱ्यात लगचं (केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळायच्या धातूच्या तुकड्याचं) तापमान आर 46 अंश, वाय 48 आणि बी 91! सगळ्यात कमी करंट वाहणारा फेज सगळ्यात गरम, म्हणजे लोडचा प्रश्नच मिटला. सारख्या लोडवरच्या दोन फेजमध्ये 15 अंशांहून जास्त फरक दिसला तर मी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

मग लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये मिलिव्होल्ट मोजले. आरला 4, बीला 310. आता 0.31 व्होल्ट गुणिले 55 अँपियर करा, 17 वॅट होतात. लहान सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास जाणारी उष्णता, बोटाच्या पेरभर जागेत, रोज रात्रभर. ही मोजणी चालू लाइनवर होते, त्यामुळे ती लायसन्सवाल्या माणसाकडूनच करून घ्या, स्वतः झाकण उघडू नका.

शटडाउन घेऊन बोल्ट काढला तेव्हा कारण हातात आलं. केबल ॲल्युमिनियमची, लग साधा तांब्याचा, आणि तो क्रिम्पिंग टूलने न दाबता हातोडीने ठोकलेला. तारेभोवती पांढरी भुकटी जमली होती, इन्सुलेशन वाकवलं तर पापडासारखं मोडलं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि तो वीज जवळजवळ वाहूच देत नाही. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि दाबाखाली हळूहळू सरकतं. दिवसा थंड, रात्री गरम असं चालू राहिलं की पकड ढिली होते. त्यात आपली खारी, दमट हवा. दोन वेगळे धातू एकत्र आले की ती गंज वेगाने चढवते.

म्हणून 'बोल्ट आवळून देतो' या आश्वासनावर समाधान मानू नका. एकदा जळलेला सांधा आवळून बरा होत नाही. आम्ही केबल चकचकीत तार लागेपर्यंत मागे कापली, ब्रशने घासून लगेच कॉन्टॅक्ट ग्रीस लावलं, बायमेटॅलिक लग (केबलच्या बाजूला ॲल्युमिनियम, बोल्टच्या बाजूला तांबं) हायड्रॉलिक टूलने योग्य मापाच्या डायने दाबला. बोल्ट टॉर्क रेंचने, स्विचवर छापलेल्या आकड्याइतकाच आवळला. जास्त ताकद लावली तर आटे जातात. स्विचच्या आतल्या जबड्यांची स्प्रिंगही उष्णतेने मेली होती, म्हणून स्विचच बदलला. पुढच्या रात्री बी फेज 47 अंशांवर आला.

न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या वायरचा, सांधा तपासायला विसरू नका. तो सुटला तर काही घरांत 230 ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं, मग फ्रिज-टीव्ही गेलेच समजा.

कॅमेऱ्याचा फोटो भर लोडवर घ्यायला सांगा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दुपारी अर्ध्या लोडवर सांधा पाव उष्णता दाखवतो आणि 'सगळं ठीक' असा रिपोर्ट मिळतो. चकचकीत धातूवरही कॅमेरा तापमान कमी सांगतो. मी शटडाउनमध्ये मोजायच्या जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून ठेवतो आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मार्करची रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला.

मीटर आणि त्याच्या आधीचा सीलबंद भाग वीज कंपनीचा असतो. जळका वास तिथून येत असेल तर आजच त्यांच्याकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक सेक्रेटरींच्या वहीत लिहून ठेवा. तुमच्या बाजूला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत रात्री त्या फेजवरचे एसी बंद ठेवायला सांगा, आणि मीटर रूममधल्या त्या जुन्या सायकली, पुठ्ठ्याचे खोके आधी बाहेर काढा.