सांगलीत हवाईयन सीफूड: कच्चं कधी खावं आणि शिजलेल्यात काय मागवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागेच्या बाजूला नव्यानं उघडलेल्या हवाईयन पद्धतीच्या सीफूड रेस्टॉरंटमध्ये सहा जण जाणार आहात, सोबत सत्तरीचे आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी. समुद्र इतका लांब असताना तिथला कच्चा मासा खावा का, आणि बाकी काय मागवावं?

आधी कच्च्याचं बघू, कारण गडबड तिथंच होते. मेन्यूवर 'पोके' दिसेल. हवाईयन भाषेत पोके म्हणजे आडवं कापणं. कच्च्या माशाचे साधारण दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, त्यावर मीठ, सोया सॉस, तिळाचं तेल, कांद्याची पात, लिमू नावाचं समुद्री शेवाळ आणि इनामोना, म्हणजे कुकुईचं बी भाजून कुटलेलं. मासा बहुतेक वेळा 'आही' असतो, म्हणजे मोठा टूना. कोकणात टूनाला कुपा म्हणतात.

वेटरला एकच प्रश्न विचारा: "पोकेचा मासा फ्रोझन येतो की ताजा?" "ताजा आहे, आज सकाळीच रत्नागिरीहून आलाय" असं अभिमानानं सांगितलं, तर पोके मागवू नका. रश्श्याला आणि तव्यावर ताजा मासा केव्हाही सरस, पण कच्च्याचा हिशेब वेगळा. माशातल्या जंतांचा बंदोबस्त एकतर शिजवून होतो, नाहीतर कडक गोठवून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं प्रमाण आहे उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून तिथंच १५ तास. मोठ्या टूनाला त्यात सूट आहे. सुरमई, रावस किंवा समुद्रातून पकडलेल्या सामनला ती नाही. त्यामुळे 'आज टूना नाही, सुरमईचं पोके देतो' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. बासा, चिलापी, मरळ, रोहू हे गोड्या पाण्यातले मासे तर कच्चे कधीच खाऊ नयेत. कृष्णेचा मासा कितीही ताजा असो, तो शिजूनच ताटात यायला हवा.

टूनाची अडचण जंतांपेक्षा गारव्याची आहे. टूना, बांगडा, तारली हे मासे पकडल्यावर काही तास गरम राहिले, तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं. एकदा तयार झालं की ते ना शिजवून जातं, ना गोठवून. आता बंदर ते सांगली हा रस्ता डोळ्यांसमोर आणा: होडी, लिलाव, थर्माकोलच्या पेट्या, आंबा घाट, मग मार्केट. बर्फ कुठं वितळला, परत कधी भरला, हे शेवटच्या माणसाला कळत नाही. कच्चं खाण्यासाठी म्हणून प्रक्रिया केलेला, व्हॅक्यूम पाकिटातला टूना गार ठेवत आणि लवकर गोठवून पाठवलेला असतो, म्हणून त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. पाकिटावर प्रजाती, गोठवल्याची तारीख आणि साठवणीचं तापमान छापलेलं असतं. पाकीट बघायला मागणं यात उद्धटपणा काहीच नाही. चांगला शेफ आनंदानं आणून दाखवतो.

वाडगा समोर आल्यावर तुकड्यांच्या कडा बघा. त्या धारदार हव्यात, तळाशी पाणी सुटलेलं नको. कुरकुरीत, बर्फाळ लागलं तर मासा नीट न वितळवताच कापलाय. टूना रात्रभर फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या खाली वितळवायचा असतो. घाईत नळाखाली धरला की बाहेरून गिळगिळीत आणि आतून दगड. रंगावर मात्र जाऊ नका. साध्या उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये टूना काही आठवड्यांत तपकिरी पडतो. तो नासलेला नसतो, मांसातल्या रंगद्रव्याला हवा लागलेली असते. उलट कलिंगडासारखा एकसारखा गुलाबी टूना बहुधा कार्बन मोनॉक्साइड देऊन तसा ठेवलेला असतो, आणि जुना झाला तरी तो रंग तसाच राहतो. पहिल्या घासाला जिभेवर मिरीसारखी चुरचुर जाणवली, तर तो घास बाहेर काढा आणि वाडगा परत पाठवा. हिस्टामाइनची हीच खूण. पुढं काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, धडधड सुरू होऊ शकते. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना गाठा आणि कोणता मासा खाल्ला ते डॉक्टरांना सांगा.

वर लिंबू पिळलं म्हणजे मासा 'शिजला' हा गैरसमज फार पसरलाय. आंबटानं मांस पांढरं आणि घट्ट होतं, जंत मरतीलच असं नाही.

आई-वडील आणि मुलगी यांना कच्चं देऊ नका, पाकीट कितीही चांगलं असलं तरी. बाकीच्यांनी मिळून एकच पोके मागवून चव बघा.

दिवस कोणता निवडता याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं भरपूर, म्हणून त्या दिवशी मासा पडून राहतो. बुधवार, शुक्रवार किंवा रविवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जा. दिवसभर लाइट गेलेली असेल त्या दिवशी कच्चं टाळा, आणि जनरेटरवर फ्रीझर चालतो का हेही विचारून घ्या. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या काळात 'कोकणातला ताजा सुरमई' असं फळ्यावर लिहिलं असेल तर तो आला कुठून ते विचारा.

शिजलेल्यात या घराण्याची खरी मजा आहे. हवाईत १८३५ साली कोलोआला उसाची पहिली मोठी लागवड उभी राहिली. पुढं जपान, चीन, फिलिपिन्स, पोर्तुगालहून मजूर आले आणि त्यांच्या डब्यांतून तिथलं आजचं जेवण घडलं: दोन डाव भात, मॅकरोनीचं सॅलड आणि एक माशाचा किंवा मांसाचा प्रकार. ऊस आणि ऊसतोडीच्या डब्याशी ज्यांची ओळख आहे, त्या आपल्या भागाला हे ताट परकं वाटणार नाही. भात चिकट हवा. इथं इंद्रायणी वापरला तर उत्तम जमतो, बासमती घातला तर रस भाताला धरत नाही.

सुरुवात गार्लिक श्रिंपनं करा. कोळंबी सालासकट, बटरमध्ये, लसूण मनसोक्त. साल मुद्दाम ठेवतात, त्यानं मांस कोरडं पडत नाही आणि बटर सालीला धरून राहतं. हातानंच खायची. लसूण सोनेरी हवा. काळपट आणि कडू असेल तर परत करा. मुलीला ही डिश हमखास आवडेल, फक्त साल काढून द्या.

आई-वडिलांसाठी लाउलाउ असेल तर जरूर मागवा: आळूच्या पानात गुंडाळून वाफवलेलं मांस आणि खारा मासा. आपण आळूला चिंच लावतो ती घशाची खाज टाळायला. लाउलाउत आंबट काही नसतं, त्यामुळे तीन-चार तासांची वाफ हाच एक उपाय. पान चमच्यानं सहज तुटलं पाहिजे. जरा जरी चिवट लागलं, तर पुढं खाऊ नका. आत डुकराचं मांस असतं; घरात चालत नसेल तर कोंबडीचं करून मिळतं का विचारा. मुसुबी, म्हणजे भाताच्या वडीवर ठेवलेल्या स्पॅमबद्दलही (डब्यातलं डुकराचं मांस) तेच. पोई, म्हणजे आळूच्या कंदाचा कुटलेला आंबूस लगदा, नुसता खाल्ला तर फिका लागतो. खाऱ्या माशासोबत खायचा.

कुणी शाकाहारी असेल तर भातावर भुरभुरलेल्या फुरिकाकेबद्दल विचारा. तिळासोबत त्यात बहुधा सुक्या माशाचा कीस असतो. गोडात हाउपिया सगळ्यांना चालतो: नारळाच्या दुधाच्या घट्ट वड्या, कॉर्नफ्लोअरनं बांधलेल्या.

अख्खा मासा वजनावर असेल तर दर साफ करण्याआधीच्या वजनावर की नंतरच्या, हे ऑर्डर देण्याआधी विचारा आणि काट्यावरचा आकडा स्वतः बघा. डोकं, आतडी, खवले काढल्यावर वजन बरंच घटतं.

आणि पोके उरलं तर पार्सल घेऊ नका. घरी पोचेपर्यंत ते कोमट होतं, मिठानं पाणी सुटतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं कालवण करूनही उपयोग नाही.