वाचक विचारतात

प्रश्न : एट्रुस्कन (प्राचीन इटलीतल्या एका समाजाच्या) जहाजांच्या अवशेषांचं त्रिमितीय मॉडेल पाण्याखालच्या फोटोंवरून करतात. सराव करताना माझं मॉडेल मधोमध फुगतं. चूक कुठे?

उत्तर : बहुधा तुमचे सगळे फोटो सरळ वरून घेतलेले आहेत. तसं असलं की भिंगाची विकृती सॉफ्टवेअरला नीट ओळखता येत नाही आणि सपाट तळ घुमटासारखा होतो. फोटोंचे सरळ पट्टे (एका रेषेत पुढे सरकत टिपलेल्या रांगा) घेऊन झाले की त्यांना काटकोनात आडवे पट्टे घ्या, मग कडेने सुमारे ४५ अंशांतून तिरके फोटो. लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा, शेजारच्या पट्ट्यांत ६०. झूम आणि फोकसला मध्येच हात लावू नका.

मॉडेलला खरं माप मिळावं म्हणून ठाऊक लांबीच्या मोजपट्ट्या किमान चार ठेवा, वेगवेगळ्या दिशांना आणि उंचींवर. एक हिशेबाबाहेर ठेवून तिच्यावर मॉडेल पडताळा. ही पायरी फार जण गाळतात.

दिवे भिंगाला चिकटून नकोत, तरंगता गाळ पांढरा चमकतो. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं ग्राँ रिबो एफ हे बुडालेलं एट्रुस्कन काळातलं जहाज सुमारे ६० मीटर खोलीवर आहे. तिथे लाल रंग उरतच नाही, त्यामुळे दिव्यांशिवाय मातीच्या कुंभांचा रंग मिळणार नाही. त्यावर शेकडो एट्रुस्कन कुंभ एकमेकांत अडकवून रचलेले होते. अशा रचनेत खालच्या थराचे खांदे वरच्या कुंभांआड दडतात. म्हणून प्रत्येक थर उचलण्याआधी नवं मॉडेल करा आणि स्थिर खुणा त्याच ठेवा, नाहीतर थर एकमेकांवर बसणार नाहीत. कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइली (प्रक्रिया न केलेले फोटो) मात्र जपा. मॉडेल पुन्हा करता येतं, उचललेला थर पुन्हा टिपता येत नाही.